जमिनीवरून उठताच हेलिकॉप्टरचं नाक फिरतं? आधी शेपूट तपासा, मग पुढची खरेदी करा

रिमोटवरचं पहिलं हेलिकॉप्टर घेतलेल्यांची एक तक्रार दर हंगामात येते. थ्रॉटल हळूहळू वाढवला, पाती फिरली, स्किड (खालचे दांडे) जमिनीपासून वीतभर सुटले आणि तेवढ्यात नाक डावीकडे गरकन वळलं. सावरेपर्यंत मशीन आडवं झालं आणि पाती मातीत गेली. नवी पाती घातली, एकदोन बॅटऱ्या बऱ्या गेल्या, की पुन्हा तेच. मग पोरं म्हणतात, आपला हातच बसत नाही. हात बसायला वेळ लागतो हे खरं. पण नवा हात असला की हेलिकॉप्टर पुढे, मागे, आजूबाजूला कुठेही घसरतं. नाक दरवेळी एकाच बाजूला आणि त्याच टप्प्यावर फिरत असेल, तर दोष शेपटाचा आहे. आणि शेपटाचे बहुतेक दोष खोक्यातूनच घरी आलेले असतात, म्हणजे खरेदीच्या वेळीच ठरलेले असतात.

आधी नाक कुठल्या बाजूला फिरतं ते नीट पाहा. बहुतेक मॉडेलांचं मुख्य रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. मोटर पात्यांना उजवीकडे ढकलते, म्हणून धडावर डावीकडे पीळ बसतो. हा पीळ तोलून धरणं हेच टेल रोटरचं, म्हणजे शेपटावरच्या छोट्या पात्यांचं काम. त्याची ताकद कमी पडली की नाक डावीकडे जातं. नाक उजवीकडे जात असेल तर टेल रोटर गरजेपेक्षा जास्त रेटतो आहे, म्हणजे बहुधा ट्रिम (रिमोटवरची बारीक दुरुस्ती) किंवा लिंकेजची (टेलकडे जाणाऱ्या जोडदांडीची) लांबी चुकली आहे, आणि ते पाच मिनिटांत सुधारतं. डावीकडे जाणाऱ्याची कारणं मात्र बरीच आहेत.

उठताक्षणीच भिंगरी झाली, स्टिकला अजिबात दाद नाही, अशी स्थिती असेल तर आधी जायरोची, म्हणजे नाक फिरलं की ते ओळखून टेलला उलट हुकूम देणाऱ्या सेन्सरची, दिशा तपासायची. मोटरच्या तारा काढून ठेवा, मगच बॅटरी जोडा. रडरची (नाक वळवणारी) स्टिक उजवीकडे न्या आणि टेलचा स्लायडर (टेलच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) कुठे सरकतो ते बघून ठेवा. आता स्टिक सोडून द्या आणि हेलिकॉप्टर हातात धरून नाक झटक्यात डावीकडे वळवा. स्लायडर आधी सरकला होता त्याच बाजूला सरकला पाहिजे. उलटा सरकला तर जायरो पीळ अडवण्याऐवजी वाढवतो आहे. जायरोवरचं रिव्हर्सचं बटण किंवा सेटिंग बदला. बेल्टवर चालणारं शेपूट कुणी खोलून पुन्हा बसवलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. बूममधून (शेपटाच्या नळीतून) जाताना बेल्टला पाव फेरा पीळ द्यावा लागतो. तो उलट्या बाजूला दिला गेला तर टेल रोटरच उलटा फिरतो. मुख्य रोटर हाताने फिरवून हे लगेच कळतं.

पहिली दोन मिनिटं चांगली जातात आणि मग नाक डावीकडे ओढायला लागतं, ही तक्रार शेपटाला वेगळी छोटी मोटर असलेल्या मॉडेलांची. त्यातल्या स्वस्त मोटरींना ब्रश असतात, ते झिजतात, मोटर तापली की तिचा जोर उतरतो. उतरवल्यावर त्या मोटरीला बोट लावून बघा. बोट ठेववत नसेल तर तिचे दिवस भरत आले. नवी टाकण्याआधी टेलचं पातं तडकलेलं किंवा उलट्या तोंडाने बसवलेलं नाही ना हे पाहा, कारण उलटं बसलेलं पातं फिरतं मस्त पण हवा फार थोडी ढकलते.

आपल्या विदर्भातली खास गोष्ट पुढे आहे. दारव्ह्याकडच्या एका मुलाने बेल्टचं ४५० आकाराचं (३२५ मिलिमीटर पात्यांचं) हेलिकॉप्टर आणलं. म्हणाला, "दादा, सकाळी मस्त राह्यते, दुपारी बह्याडावानी करते." त्याने जायरो बदलला होता, सर्व्हो (स्लायडर सरकवणारी छोटी मोटर) बदलला होता. टेलचा स्लायडर बोटाने सरकवला तर मध्येच अडकत होता. खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिलं, तर शाफ्ट आणि स्लायडरच्या मधल्या फटीत कापसाचा तंतू गुंडाळला होता, तेल पिऊन काळा पडलेला, बाहेरून तो डागासारखाच दिसत होता. सुईच्या टोकाने उचलला तर दोन बोटं लांब निघाला. वेचणी चालू असताना पऱ्हाटीच्या वावराजवळ किंवा जिनिंगच्या आवारात उडवणाऱ्यांनी दर उड्डाणानंतर तिथे नजर टाकायलाच हवी. शेपटाला चिकट ग्रीस फासू नका, काळ्या मातीची धूळ त्यात बसून घासपेपरचं काम करते. पातळ तेलाचा एक थेंब, आणि वरचं पुसून टाकायचं.

तंतू निघाल्यावर अडकणं थांबलं. दुपारचा त्रास कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, आणि ते साहजिक होतं. हवा तापली की विरळ होते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना आणि एप्रिलच्या दुपारी ४३ अंश असताना हवेच्या घनतेत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. हेलिकॉप्टरचं वजन तेच, म्हणून धडावरचा पीळ फारसा घटत नाही. टेल रोटरला ढकलायला हवा मात्र कमी मिळते. ज्याचं शेपूट हिवाळ्यातच जेमतेम तोल सांभाळत होतं, ते उन्हाळ्यात सुटतं. परदेशी व्हिडिओत मस्त उडणारं मॉडेल अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात का रुसतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं रोटरच्या वेगात. बेल्ट किंवा शाफ्टने चालणारा टेल रोटर मुख्य रोटरलाच गिअरने बांधलेला असतो. मुख्य रोटर मंदावला की तोही मंदावतो, आणि त्याची ताकद वेगाच्या वर्गाने उतरते. वेग दहा टक्के कमी झाला की ताकद एकोणीस टक्के कमी. नवशिके भीतीपोटी थ्रॉटल कर्व्ह (स्टिक कुठे असताना मोटरला किती जोर, ही रिमोटमधली सेटिंग) खाली ठेवतात, पाती हळू फिरली म्हणजे सुरक्षित असं त्यांना वाटतं. कलेक्टिव्ह पिचच्या, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या मॉडेलला हे उलट मारक ठरतं. वेग हवा तेवढाच ठेवायचा आणि वर-खाली जाणं पात्यांच्या कोनाने करायचं.

हिशेब करून बघा. ४५० आकारात ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे) मोटर आणि तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी नेहमीची. गुणाकार ३८,८५० फेरे. मुख्य गिअरला १५० दात आणि पिनियनला (मोटरवरच्या छोट्या गिअरला) ११ असतील तर भागाकार येतो सुमारे २,८५०. भाराखाली त्यातला १५ टक्के जातो असं धरा, उरतात २,४०० च्या आसपास. शिकायला हे पुरेसं आहे. तेच १३ दातांचं पिनियन लावलं तर २,८५० च्या जवळ जातं, तेवढ्याची सुरुवातीला गरज नाही, बॅटरी आणि इएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) दोन्ही विनाकारण तापतात. २,००० च्या खाली गेलात तर शेपूट हातात राहणार नाही. खरेदी करताना विक्रेत्याला केव्ही आणि पिनियनचे दात विचारा. सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

बेल्टचा ताण बूमच्या टोकाशी बघता येतो. काडीने बेल्ट दाबा. दोन्ही बाजू सहज एकमेकींना टेकल्या तर बेल्ट सैल आहे, भार आला की दात सोडणार.

शेपूट भराभर थरथरत असेल तर जायरोचा गेन (तो किती जोरात दुरुस्ती करतो ते) जास्त आहे, थोडा थोडा खाली आणा. संथपणे डावी-उजवी झुलत असेल तर गेन कमी आहे, किंवा लिंकेज ढिलं आहे, किंवा टेल सर्व्हो या कामासाठी फार मंद आहे.

नाक हळूहळू एका बाजूला सरकत राहतं, ट्रिम दिला की थांबतं, पाच मिनिटांनी परत सरकतं, हा प्रकार उन्हाळ्यात हमखास. कूलरच्या खोलीतून मॉडेल काढलं, उन्हात ठेवलं आणि लगेच बॅटरी जोडली, तर जायरो थंड असतानाच आपला शून्य ठरवतो. मग तो तापतो आणि शून्य सरकतो. बॅटरी न जोडता मॉडेल बाहेर सावलीत दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. जोडल्यावर दिवा स्थिर होईपर्यंत त्याला हात लावू नका, वाराही लागू देऊ नका. धुऱ्याच्या आडोशाला ठेवलं तरी पुरतं.

आणि एक छळणारा दोष म्हणजे अधूनमधून बसणारा झटका. सगळं ठीक चालू असताना शेपूट एकदम लाथ मारल्यागत उडतं, पुन्हा शांत. कोरड्या हवेत रबरी बेल्ट प्लास्टिकच्या पुलीवर घासून स्थिर वीज साठवतो, ती बूममधून ठिणगीच्या रूपाने सुटते आणि जायरो किंवा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) दचकतो. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हवा अशी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज यावा. उपाय स्वस्त आहे. टेल बूमपासून मोटरच्या धातूच्या माउंटपर्यंत एक बारीक तार जोडा, म्हणजे वीज साठणार नाही. बूमला रंग किंवा लेप असेल तर तार टेकते तिथे खरवडून घ्या. असाच झटका वीज तोकडी पडल्यानेही बसतो, पण त्यात शेपटासोबत स्वॉशप्लेटही (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) हलते आणि कधी रिसीव्हरचा दिवा विझून पुन्हा लागतो. तिथे दोष बीईसीचा, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागाचा. इएससीमधला साधा लिनिअर बीईसी चार डिजिटल सर्व्होंना पुरत नाही, आणि ४३ अंशांत तर तो आधीच तापलेला असतो. निदान ५ अँपिअरचा स्विचिंग बीईसी घ्या.

मग पहिलं कोणतं घ्यायचं

एकावर एक, उलट दिशांनी फिरणारी दोन रोटर असलेलं कोअॅक्सिअल मॉडेल घेतलं तर वरची एकही भानगड नाही. दोन्ही पीळ एकमेकांना मारतात. पण त्याला झुळूकही सोसत नाही. घराच्या हॉलमध्ये किंवा रिकाम्या गोडाऊनमध्ये ठीक, वावरात ते तुरीच्या पलीकडे जाऊन पडेल. लहान भावंडासाठी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. छंद पुढे न्यायचा असेल तर त्यावर पैसे घालू नका, कारण ते उडवून खऱ्या हेलिकॉप्टरचा हात तयार होत नाही.

माझं मत असं, की सगळ्यात आधी रिमोट घ्यावा. हेलिकॉप्टर पडतं, तुटतं, बदलतं. रिमोट वर्षानुवर्षं राहतो. सहा चॅनल हवेतच: पुढे-मागे, डावी-उजवी, नाक, थ्रॉटल, पात्यांचा कोन आणि सहावा जायरोच्या गेनसाठी. थ्रॉटल होल्डचा (मोटर एकदम बंद करणारा) स्विच, थ्रॉटल आणि पिचचे कर्व्ह, १२० अंशांचं स्वॉश मिक्सिंग (तीन सर्व्होंनी मिळून स्वॉशप्लेट हलवणं) हे त्यात असलं पाहिजे. फ्लायस्कायचा एफएस-आय६ या सगळ्यासकट स्वस्तात बसतो, शिकायला पुरतो. मोड २ घ्या, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. ओळखीचा कुणी मोड १ वर उडवत असेल आणि तोच शिकवणार असेल तरच मोड १. खेळण्याच्या खोक्यात येणारा रिमोट त्या एका मॉडेलपुरताच असतो, त्याच्याकडे भांडवल म्हणून बघू नका.

रिमोट आला की केबलने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर बसा. पावसाळ्याचे चार महिने यासाठीच आहेत, तसंही काळ्या चिखलात कुठे उडवणार? शेपूट स्वतःकडे ठेवून एका जागी स्थिर उभं करता आलं, की मग नाक स्वतःकडे करून तेच करायचं. दुसरं जमेपर्यंत मोठ्या मॉडेलला पैसे देऊ नका.

पहिलं मॉडेल म्हणून व्ही९११ सारखं चार चॅनलचं, पात्यांचा कोन कायम असलेलं चिमुकलं हेलिकॉप्टर बरं. हलकं असल्यानं पडलं तरी बहुधा काही तुटत नाही आणि सकाळी वारा नसताना अंगणात उडतं. त्याच्यासोबत टेल मोटर आणि टेलची पाती आधीच जास्तीची मागवून ठेवा. झिजणार हे नक्की आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती मिळत नाहीत.

त्यानंतरची उडी ४५० आकाराची, म्हणजे ३२५ मिलिमीटरची मुख्य पाती. याहून मोठं पहिल्या वर्षात घेऊ नये, त्याच्या पात्यांत हाड मोडायची ताकद असते. ४५० ची पातीही कातडी फाडतात, हे शेजारपाजारची पोरं गोळा होतात तेव्हा लक्षात ठेवायचं. दोरी बांधून सगळ्यांना किमान दहा पावलं मागे ठेवा आणि कुणी कधीच रोटरच्या पातळीत उभं राहू नये.

४५० घेताना लोक नेमका चुकीच्या जागी पैसा टाकतात. कार्बनची फ्रेम, रंगीत कॅनॉपी, कार्बनची पाती यांवर हजारो जातात आणि जायरो नि टेल सर्व्हो मिळेल ते. हे उलटं करा. चांगलं फ्लायबारलेस युनिट घ्या, ज्यात तिन्ही अक्षांचा जायरो असतो. टेलसाठी डिजिटल सर्व्हो, ६० अंशांना ०.०८ सेकंद किंवा त्याहून जलद. बीईसी वर सांगितला तसा. या तीन वस्तूंवर तडजोड करायची नाही. फ्रेम प्लास्टिकची चालते. पाती लाकडाची किंवा साध्या फायबरची घ्या. पडल्यावर लाकडी पातं तुटतं आणि जोर तिथेच संपतो. कार्बनचं पातं टिकतं आणि तो जोर शाफ्ट, गिअर, बूम यांच्यावर काढतं. शेपटासाठी बेल्ट घ्यावा की शाफ्ट? शिकणाऱ्याला बेल्ट. टेलची पाती मातीला लागली तर बेल्ट दात सोडून निसटतो, शाफ्टचे गिअर मात्र दाते गमावतात. स्थिर विजेचा उपाय एका तारेचा आहे, तेवढा करून टाकायचा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच, २५ सी (क्षमतेच्या २५ पट प्रवाह देणारी) किंवा जास्त. तिला उन्हाची सर्वांत मोठी भीती. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली लिपो फुगते आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नसते. उड्डाणानंतर गरम असताना चार्जिंगला लावू नका. चार्ज २.२ अँपिअरवर, बॅलन्स मोडमध्ये (सगळे सेल सारखे भरणाऱ्या). क्षमतेचा पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच उतरवा, कारण व्होल्टेज ढासळलं की रोटर मंदावतो आणि शेपटाची तीच जुनी तक्रार सुरू होते. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवा.

चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा घ्या. लाइन गेली तर इन्व्हर्टरच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून काम होतं. आणि पंप सुरू झाल्यावर गावात जे व्होल्टेज वरखाली होतं, त्याची झळही लागत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. दिवाळीनंतर आपल्या घराघरांत कापूस रचलेला असतो, कुणाच्या ओसरीत, कुणाच्या मधल्या खोलीत. त्या घरात लिपो चार्ज करू नका. गोठ्यात कुटार असतं, तिथेही नाही. लिपो पेटली तर ज्वाळा फेकते आणि पाण्याने लगेच दबत नाही. अंगणात, सिमेंटच्या कोब्यावर, पत्र्याच्या पेटीत, जवळ वाळूची बादली, आणि कुणीतरी समोर बसलेलं. वर्षाचं पीक घरात असताना यात सूट नाही.

उडवायची जागा सोयाबीन निघालेलं वावर किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान. तूर कापलेलं वावर टाळा, खुंट नेमके टेलच्या पात्याच्या उंचीवर असतात. खाली चार बाय चार फुटांचं प्लायवुड टाका. ताडपत्री किंवा पोतं टाकू नका, पात्यांच्या हवेने ते उचललं जातं आणि शेपटात अडकतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका, नवतप्यात तर उडवूच नका. नागपूर, अकोल्याचं शिवणी, अमरावतीचं बेलोरा, गोंदियाचं बिरसी, यवतमाळ आणि चंद्रपूरचं मोरवा, यांपैकी कुठलीही धावपट्टी जवळ असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा उघडून आपलं गाव कोणत्या रंगात आहे ते पाहा. हिरव्या भागातही जास्तीत जास्त ४०० फुटांची मर्यादा आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरांत २०० फुटांची. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेलसाठी वेगळी व्याख्या आहे आणि त्यात डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात उडवणं अपेक्षित आहे. नवशिक्याने तसंही पन्नास पावलांपलीकडे नेऊ नये, तेवढ्यावर नाक कुठे आणि शेपूट कुठे हे कळेनासं होतं.

एवढं करूनही शेपूट ऐकत नसेल आणि कुणा जाणकाराला दाखवायचं असेल, तर नुसतं मॉडेल नेऊन टेकवू नका. उठताना मागून काढलेला व्हिडिओ सोबत ठेवा. नाक कोणत्या बाजूला गेलं, बॅटरी जोडल्यापासून किती वेळाने, तेव्हा ऊन किती होतं, उतरवल्यावर सेलमागे किती व्होल्ट उरले होते, पिनियनला दात किती, एवढं एका कागदावर लिहा. यात काय बदललं आणि काय बदललं नाही तेही लिहा. एका वेळी एकच भाग बदला आणि मध्ये एक उड्डाण करून बघा, नाहीतर नेमका कोणता भाग दोषी होता ते शेवटपर्यंत कळत नाही आणि तेच पैसे पुन्हा जातात.